आहेरात गेलेला गामोसा

गळ्यात घातलेल्या कापडाला मी सरळ तोंड पुसलं.

माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल, की तोंड ओलं होतं. होस्टेलच्या नळावर तोंडाला साबण लावला आणि नेमकं पाणी गेलं. डोळे घट्ट मिटून, भिंतीला चाचपडत मी खोलीपर्यंत आलो. दारातच कुणीतरी गळ्यात मऊ, सुती असं काहीतरी घातलं. मला वाटलं, देवच पावला. घसाघसा पुसलं. कानामागचं पुसलं, मानेवरचं पुसलं. डोळे उघडून बघतो तर समोर माझा रूममेट दोन्ही हात जोडून, कमरेत थोडा वाकून उभा. तसाच वाकलेला राहून तो माझ्याकडे असा बघत होता, जसं मी देवळातल्या घंटेला शर्ट वाळत घातलाय.

"ये पोंछने का नहीं है," तो हळूच म्हणाला. "ये मान देने का है."

मी कापड बघितलं. पांढरंशुभ्र, दोन्ही टोकांना लाल धाग्याची विणलेली फुलं, आणि मधोमध माझा साबण.

हा रूममेट आसामचा. जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि आमचं इंजिनिअरिंग कॉलेज जिल्ह्याहूनही नवं होतं. गावाबाहेर, मोसंबीच्या बागांच्या शेजारी चार इमारती आणि एक वर्कशॉप. इतक्या लांबून तो इथं कसा आला, हे मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिकडे कॉलेजं सारखी बंद पडत होती, म्हणून घरच्यांनी जिथं सीट मिळाली तिथं पाठवला. तीन दिवस गाडीत बसून आला आणि उतरल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, "नदी किधर है?" मी त्याला आमची नदी दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पानी किधर है?"

होस्टेलात नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. गावानेच हाक. मी 'अंबड', कोपऱ्यातल्या खोलीतला 'भोकरदन', आणि हा 'आसाम'. खरं तर माझं गाव अंबडच्या अलीकडे, पण तेवढा बारकावा कोण बघतो. मीही आयुष्यभर त्या आख्ख्या तालुक्याचा मान एकट्याने घेतला.

त्या कापडाला गामोसा म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. एप्रिलात त्यांचा नव्या वर्षाचा सण असतो, तो नेमका त्या दिवशी होता. घरची बाई मागावर गामोसे विणते आणि ज्याच्यावर जीव आहे, ज्याचा मान ठेवायचा, त्याच्या गळ्यात घालते. याच्या आईने निघताना तीन गामोसे विणून दिले होते. एक त्याचा, दोन तिकडे जी माणसं भेटतील त्यांना. प्रत्येकाचं फूल वेगळं. भेटलेल्या माणसांपैकी पहिला मी.

दुसरा त्याने माझ्या आईला दिला.

एका रविवारी मी त्याला घरी घेऊन गेलो. त्याने आईच्या खांद्यावर दोन्ही हातांनी गामोसा ठेवला आणि पाया पडला. आईला काय करावं सुचेना. तिने आधी पदर सारखा केला, मग डोळे पुसले, मग मला म्हणाली, "बघ. शिक काहीतरी." मग आत गेली, लोखंडी पेटी उघडली, आणि त्याला कुंकू लावून टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. जेवताना तो तीनदा "बस, बस" म्हणाला आणि तिन्ही वेळा त्याच्या ताटात आणखी एक पुरणपोळी पडली. परत येताना बसमध्ये त्याने मला विचारलं, "तुम लोग में 'बस' कैसे बोलते हैं?" मी म्हणालो, आमच्यात ताटावर आडवं पडतात.

सोमवारी तो ती पांढरी टोपी घालून कॉलेजात आला. मंगळवारीही. मान म्हणून मिळालेली वस्तू अंगावर नाही घातली तर देणाऱ्याला वाईट वाटतं, ही त्यांची रीत. लेथ मशिनवरचे सर त्याच्याकडे बघून म्हणाले, "काय हो पाटील, जॉब झाला का?" सगळं वर्कशॉप हसलं. तोही हसला, पण टोपी काढली नाही. आठवडाभर घातली. आईला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. "अगं माय! आहेराची टोपी घालतं का कोणी?"

हे जरा उलगडून सांगायला पाहिजे. आमच्याकडे आहेरात आलेला टॉवेल वापरत नाहीत, टोपी घालत नाहीत. ती पेटीत जाते. उद्या कुणाकडे लग्न निघालं, बारसं निघालं, व्याही आले, की पेटीतून निघून पुढच्या घरी जाते. तिथूनही पुढे. आमच्या पेटीतला एक हिरव्या काठाचा टॉवेल दोन वर्षांनी फिरून आमच्याचकडे आला होता. कोपऱ्यावरच्या तेलाच्या डागावरून आईने ओळखला आणि आनंदाने परत पेटीत ठेवला. त्यात फसवणूक कुणालाच वाटत नाही. मान पोचला ना, मग झालं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी गामोसा त्याच पेटीत जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या वर्षी मी अप्लाइड मेकॅनिक्समध्ये नापास झालो, यावरून माझ्या डोक्याचा अंदाज यावा.

दिवाळीच्या आधी त्याला घरून पत्र आलं. अक्षर आईचं नव्हतं, बहिणीचं होतं. तो कॉटवर बसून वाचत होता आणि मी ड्रॉइंगशीटवर पेन्सिल घासत होतो. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही, म्हणून वर बघितलं.

त्याच्या आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीव वाचला, पण हात गेला. अंगणातला माग सोडून ठेवला होता.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो पत्रावरून बोट फिरवत म्हणाला, "अब नहीं बुनेगी." मग थोड्या वेळाने, "माँ पूछती है, तुम्हारा माँ गामोसा पहनती है क्या. कैसा दिखता है उसको." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अच्छा हुआ, एक तुम्हारे घर में है. छुट्टी में आऊँगा तो देखूँगा. फिर लिखूँगा."

शनिवारी मी घरी गेलो. आई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"आई, तो गामोसा कुठंय?"

भाकरी थापणारा हात थांबला. त्या थांबण्यावरूनच मला कळलं.

"कोणता? तो आसामच्या लेकराचा?" ती तव्याकडेच बघत म्हणाली. "तो तर मी बदनापूरच्या लग्नात देऊन टाकला की रे."

मामाच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं. आईची सख्खी भाची. तिच्या सासऱ्याला आईने तो गामोसा चढवला होता.

"पेटीत वीस टॉवेल होते! तोच कामून देला?"

"मंग काय हलकं देऊ व्याह्याला?" आई एकदम चिडली. "पेटीत सगळ्यात भारी तोच होता. भाचीचा मान नको का राहायला?" मग मी तिला पत्राचं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली. तिने ती काढली नाही.

परत येताना बसमध्ये मी एक योजना आखली. इंजिनिअर होऊ घातलेल्या माणसाने जशी आखावी तशी. माझा गामोसा घरी नेऊन ठेवायचा आणि तो आला की आईच्या खांद्यावर टाकायचा. साबण धुऊन गेला होता. वर्कशॉपात एकदा कटिंग ऑइल पडलं होतं, पण ते घडीत लपलं असतं. खोलीवर येऊन माझा गामोसा उलगडून बघितला. टोकाला मोरासारखं काहीतरी होतं. आईच्या गामोशावर झाड होतं. आपल्या आईने विणलेला मोर आणि झाड यातला फरक कोणत्या मुलाला कळणार नाही? योजना तिथंच बारगळली. प्रामाणिकपणामुळे मी खरं सांगायचं ठरवलं असं नाही; खोटं नीट बोलण्याइतका हुशार नव्हतो, एवढंच.

त्याला सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "फेंक दिया?"

"फेका नहीं रे. दिया. हमारे में ऐसा..."

"मैं ने तुम्हारा माँ को दिया था. बदनापूर को नहीं दिया था."

आमच्यात देणं म्हणजे काय आणि पुढे देणं म्हणजे काय, हे दखनी हिंदीत समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मेसमध्ये लांब बसायचा. माझ्या ड्रॉइंगशीटवरच्या वाकड्या रेघा तो रोज न सांगता खोडून सरळ करायचा, त्या तीन दिवस वाकड्याच राहिल्या. पत्राचं कोरं अंतर्देशीय त्याच्या उशाशी पडून होतं. चौथ्या दिवशी त्याने तेच माझ्यासमोर धरलं. "माँ को क्या लिखूँ? झूठ लिखूँ?"

रविवारी आई पहिल्या बसने जालन्याला आली, हातात पिशवी; गामोसा मागायला बदनापूरला निघाली होती. मी म्हणालो, तू कशाला, मी जातो. आई म्हणाली, "देलं मी, मागीन मीच." पण बोलताना तिचा आवाज पडला होता. भाचीच्या सासरी जाऊन, व्याह्याला चढवलेला आहेर परत मागायचा. आमच्या चार पिढ्यांत असं कुणी केलं नसेल. ती भाची तिथं आयुष्य काढणार होती. उद्या घरात भांड्याला भांडं लागलं की हे तिला ऐकवलं जाणार होतं. आई सगळ्या वाटेत पिशवीचे बंद पिळत होती. आसाम खिडकीशी बसला होता.

बदनापूरला घरात पाय ठेवला आणि आमचं स्वागत सुरू झालं. पाणी, चहा, पोहे, परत चहा. सासरेबुवा भले माणूस, आवाज पहाडी. "आसाम म्हंजी कुठी? बंगालच्या अलीकडं का पलीकडं?" आई तीनदा बोलायला गेली आणि तिन्ही वेळा "पाऊसपाणी बराबर झालं का तुमच्याकडं" असं विचारून बसली. मी घसा साफ करायचो आणि पोह्यांची स्तुती करायचो. दाराआड भाची उभी. आत्या बिनलग्नसराईची उगाच आली नाही, हे तिला कळलं होतं.

शेवटी तोच बोलला. वर्षभरात होस्टेलात शिकलेली सगळी मराठी गोळा करून.

"बाबा, लाल फूलवाला कापड... माझा आईनं केला. आता आई हात न्हाई." त्याने स्वतःचा उजवा हात लोंबता करून दाखवला. "मला पायजे."

आईने मान खाली घातली. दाराआडची बांगडी वाजली.

"अरे तिच्या!" सासरेबुवा मांडीवर थाप मारून ओरडले. "ते कापड होय! ते काय माझ्याजवळ हाये आता? आमच्या रानात दरसाल मेंढरं बसवतात ना खतासाठी, ते बाबा. भोकरदनकडचे. त्यांना देलं जाताना. म्हटलं असलं नामी कापड टॉवेलाच्या ढिगात कामून सडवायचं." मग आईकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, बोलायचं ना मंग! सकाळधरून पाऊसपाणी काय विचारून राह्यल्या?"

आई तोंडाला पदर लावून हसली की रडली, ते मला दिसलं नाही.

पण म्हणून लगेच सुटका झाली असं नाही. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा, त्यात एवढ्या लांबचा. सासरेबुवांनी त्याला टॉवेल-टोपी केली. शेजारी त्यांचे चुलतभाऊ, त्यांनी चहाला नेलं आणि टॉवेल-टोपी केली. समोरच्यांना राग नको म्हणून तिथेही गेलो, तिथेही केली. एक कापड सोडवायला निघालेला माणूस तीन टॉवेल, तीन टोप्या आणि तीन नारळ घेऊन भोकरदनच्या गाडीत बसला. जालना मागे पडल्यावर त्याने तिन्ही टोप्या एकात एक घालून डोक्यावर ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ये किसको देना है, अभी बता दो." आठवडाभरात तो माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं हलकं वाक्य. आई हसली. मी नारळ सांभाळत होतो.

विचारत विचारत गेलो तेव्हा मेंढरंवाले बाबा भोकरदनबाहेरच्या माळावर भेटले. उन्हं कलायला लागली होती. बाबा काठीवर हनुवटी टेकून उभे, आजूबाजूला मेंढरं. आणि खांद्यावर गामोसा. मळलेला, एका जागी काट्याने फाटलेला, पण लाल झाड लांबूनही ओळखू येत होतं. अंगावर घेतलेलं कापड म्हणून तो नेसूच्या धोतराइतकाच त्यांचा झालेला होता.

आसाम चालता चालता थांबला.

"ऐसाच," तो म्हणाला. "हमारा दादाजी लोग ऐसाच लेता है. कंधे पर. खेत में."

मी पुढे होऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. हातातली टकळी फिरत होती, लोकरीचा धागा निघत होता. माझं बोलून झाल्यावर त्यांनी टकळी कमरेला खोचली आणि गामोसा खांद्यावरून काढला.

"मला वाटलंच हे मशिनीचं न्हाई म्हणून," ते म्हणाले. गामोशाची कड त्यांनी बोटांत धरून त्याला दाखवली. "ही कड बघ. शेवटाकडं हात थकलाय बाईचा. धागा सैल पडलाय. पण फूल न्हाई चुकली."

मी भाषांतर केलं. आसाम त्या कडेकडे बघत राहिला. हे त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याच्या आईचा हात तो घरून निघायच्या आधीपासूनच थकत होता आणि ती बोलली नव्हती. माळावर मेंढरांच्या मधोमध तो उभ्याउभ्या रडला. आईने त्याला जवळ घेतलं. मी मेंढरांकडे बघत राहिलो. एकीने माझ्या पिशवीतल्या टॉवेलचं टोक तोंडात धरलं होतं, ते सोडवायचंही सुचलं नाही.

"घे लेकरा," बाबा म्हणाले. "आईचं हाये."

त्यांनी दोन्ही हातांनी दिला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्याने घेतला, तिथंच वाकून नमस्कार केला, मग पिशवीतले तिन्ही टॉवेल काढून बाबांपुढे धरले. बाबा हसले. "एक ठेवतो," म्हणाले. "फाटस्तोर वापरीन." आणि मेंढीचं दूध पाजल्याशिवाय सोडलं नाही. तिथं मात्र आहेर झाला नाही.

भोकरदनच्या स्टँडवर त्याने तो मळका गामोसा परत माझ्या आईच्या खांद्यावर ठेवला. आई म्हणाली, "मला नको रे बाबा, मी पुन्हा कुणाला देऊन टाकीन. तूच ठेव." तो मराठीत म्हणाला, "न्हाई. आईनं तुमाला देला." जालन्यापर्यंत आई गामोसा पदरावर घेऊन ताठ बसली. गाडीतल्या बाया वळून बघत होत्या. आईने एकीलाही कारण सांगितलं नाही, आणि हे तिच्या स्वभावात अजिबात बसणारं नव्हतं.

पत्र त्याने दुसऱ्याच दिवशी लिहिलं. आसामी मला वाचता येत नाही, पण लिहून झाल्यावर त्याने ते मला हिंदीत सांगितलं. सगळं खरं लिहिलं होतं. पेटी, बदनापूर, तीन टोप्या, माळ. 'तुझ्या गामोशाला मेंढीचा वास येतो,' हेसुद्धा. मी म्हणालो, हे तरी काढ. त्याने काढलं नाही. महिन्याभराने बहिणीचं उत्तर आलं. आईला पत्र दोनदा वाचून दाखवावं लागलं. तोंडाची एकच बाजू हलते, पण त्या बाजूने ती खूप हसली.

माझ्या रेघा परत सरळ व्हायला लागल्या. अप्लाइड मेकॅनिक्सही दुसऱ्या खेपेला सुटलं.

पुढे नोकरी लागली, माझं लग्न झालं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला बायको वाणाचं सामान शोधायला ती लोखंडी पेटी उघडून बसली आणि तळाशी, डांबरगोळ्या घालून ठेवलेला गामोसा तिच्या हाताला लागला. मला तर गोष्ट सांगायला निमित्तच हवं असतं. मी तिला बसवून सगळं सांगितलं, जरा मीठमसाला लावून. माळावरच्या प्रसंगात मी स्वतःलाही थोडं रडवलं. मेंढरांचा आवाजसुद्धा काढला. तिने सगळं ऐकून घेतलं, गामोसा उलगडला, रफू केलेल्या जागेवरून हात फिरवला.

"मंग आत्याबाईंनी नंतर कधी घेतला का हा अंगावर?" तिने विचारलं.

"छे. किती जपलाय बघ तिने. त्या दिवशी धुऊन ठेवला तो ठेवला. कुणाला हातसुद्धा लावू देत नाही."

बायको घडी न घालताच उठली आणि म्हणाली, "म्हंजी त्या बाबांच्या खांद्यावर बरा चालला होता बिचाऱ्याचा जलम. तुमी तिघं एवढ्या एष्ट्या बदलून त्याला सोडवून आणायला गेल्ता, आन् आणून पेटीत कोंडला. सरा, बाहेर थंडी हाये, आत्याबाईंच्या खांद्यावर टाकून येते."